खाली नाव इंगेगेर्डचं

उत्तर स्वीडनमधल्या लिक्सेले गावात अशी बातमी होती की इंगेगेर्ड नूरलिंगच्या तळघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत संगणक मांडलेत, ते रात्रंदिवस गुरगुरतात, आणि इतके तापतात की त्या इमारतीच्या छपरावर बर्फच टिकत नाही. गुन-मारीच्या केस कापायच्या दुकानात ही बातमी रोज नव्यानं धुतली, विंचरली जायची. गुन-मारी बोलायला लागली की कात्री हवेत थांबते, हनुवटी छातीत शिरते आणि आवाज नाकातून यायला लागतो. "मी कुणाचं नाव घेत नाही हं. मला काय करायचंय? पण इंगेगेर्डच म्हणे. सिनेमे चोरते आणि रशियात विकते. रशियात! स्पेनमध्ये घर घेतलंय, पोहायच्या तलावासकट. आणि फोनवर बघा कशी, 'नगरपालिका, नमस्काऽर', जसं काही तोंडात लोणी विरघळत नाही. मी कुणाचं नाव घेत नाही."

आता खरं काय ते. त्या तळघरात लिंगन नावाच्या आंबट रानफळांच्या मुरंब्याच्या बरण्या होत्या, मोडक्या स्की होत्या आणि घरमालक कंपनीनं वर्षानुवर्षं न बदललेला एक गळका पाइप होता. छपरावरचा बर्फ वितळायचा तो त्याच कंपनीच्या कंजूषपणानं, कारण वरच्या माळ्यात ऊब धरणारा कापूस घालायचा ती दर हिवाळ्यात विसरायची. संगणक एकच. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर असायचा आणि त्याची एक कळ मुरंबा सांडून चिकट झाली होती. सिनेमा इंगेगेर्डनं एकही विकला नाही. तिनं काही उचललं असेल तर ते सिनेमातल्या माणसांचं बोलणं. तेही राजरोस, खाली स्वतःचं नाव आणि गावाचं नाव घालून.

इंगेगेर्ड नगरपालिकेच्या फोनवर बसायची. गावात तिचा चेहरा ओळखणारे थोडे, आवाज ओळखणारे सगळे. बर्फ उचलायची गाडी आली नाही, म्हाताऱ्याला घरपोच जेवण हवंय, शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतोय, सगळं आधी तिच्या कानात यायचं आणि मग योग्य दारातून आत जायचं. तिचा कान असा की पलीकडच्यानं तोंड उघडायच्या आधी तिला माणूस कळायचा. आमच्याकडे 'हो' हा शब्द तोंडानं म्हणायची पद्धत नाही. ओठांचा चंबू करायचा आणि श्वास झर्रकन आत ओढायचा, गरम सूप चाखावं तसा, झालं 'हो'. दक्षिणेकडच्या पाहुण्यांना वाटतं, या लोकांना सारखी धाप लागते. इंगेगेर्ड त्या नुसत्या ओढलेल्या श्वासावरून सांगायची की बोलणारा नदीच्या अलीकडचा की पलीकडचा.

आणि ज्या भावाबरोबर ती राहायची, त्या एवर्टला काहीच ऐकू येत नव्हतं.

एवर्टचं सगळं आयुष्य सॉ मिलमध्ये मोठ्या करवतीशेजारी गेलं. त्याच्या तरुणपणी कानाला झाकणं लावणारा म्हणजे नाजूक बाहुली, म्हणून कुणी लावली नाहीत. करवतीनं बोटं सगळी शाबूत ठेवली आणि कान नेले. यंत्र कानात घातलं तर त्याला फक्त शिट्टी ऐकू यायची, म्हणून ते त्यानं साखरेच्या डब्यात ठेवून दिलं होतं. तो ओठ बघून बोलणं समजून घ्यायचा, आणि स्वतः बोलायचा तो असा, की करवत अजून मध्ये चालू आहे.

शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या स्वीडनप्रमाणे या दोघांच्याही घरी टाको, म्हणजे खिमा भरलेल्या मक्याच्या पोळ्या, असायचे, आणि मग सिनेमा. परदेशी सिनेमा असला की पडद्याखाली त्या बोलण्याच्या स्वीडिश ओळी येतात. डॅनिश खुनी, फ्रेंच प्रियकर, जपानी आजी, सगळ्यांचं बोलणं एवर्टला समजायचं. पण सिनेमा आपला, स्वीडिश असला की पडद्याखाली काळोख. आपल्या लोकांना आपलीच भाषा कशाला लिहून दाखवायची?

"गंमत आहे बघ," एवर्ट ओरडायचा, कारण तो सगळंच ओरडायचा. "कोपनहेगनच्या चोरांशी माझी चांगली ओळख आहे. आपल्या गावचीच माणसं तेवढी परकी!"

हे तो हसून म्हणायचा. मग आमच्याच भागात, नदीच्या वरच्या अंगाला काढलेला एक लग्नाचा सिनेमा आला. गावातले निम्मे लोक त्यात मागं उभे होते. गावच्या लोकगृहाच्या सभागृहात तो लागला तेव्हा एवर्टनं इस्त्रीचा शर्ट घातला. सिनेमात पाद्री विचारतो, या लग्नाला कुणाची हरकत आहे का, आणि मागच्या बाकावरचा एक म्हातारा काहीतरी बोलतो. सभागृह हसून फुटलं. एवर्टही हसला, पण सगळ्यांचं हसून होत आलं तेव्हा. इंगेगेर्डला ते उशिरा आलेलं मोठं हसणं अख्ख्या सभागृहात एकटं ऐकू आलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

घरी जाताना तो दिव्याखाली थांबला. "काय म्हणाला गं तो म्हातारा?"

तिनं सांगितलं. पण थंडी अशी की ओठ लाकडाचे झालेले, आणि लाकडी ओठ कुणाला वाचता येत नाहीत. तिनं परत सांगितलं. हातमोजे काढून खुणा केल्या. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत त्यातली गंमत मेली होती.

"असू दे," एवर्ट म्हणाला.

रडला असता, चिडला असता, तर तिनं ऐकून घेतलं असतं. त्या 'असू दे'नं तिची झोप उडवली.

सिनेमाची डिस्क विकायला आली तेव्हा तिनं ती घेतली. मागं लिहिलेलं: ओळी फिनिशमध्ये, डॅनिशमध्ये, नॉर्वेजियनमध्ये, इंग्रजीत. स्वीडिशमध्ये नाहीत. म्हणजे हेलसिंकीतला माणूस ऐकू येत असूनही वाचू शकणार, आणि लिक्सेलेतला एवर्ट बहिरा असून बघत बसणार. ती टेबलाशी बसली. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, पुन्हा ऐकायचं. बोलणं पळतं आणि डोळा चालतो, म्हणून ओळ आखूड करायची. पण म्हाताऱ्याचा तोरा जाता कामा नये. दार आपटलं तर कंसात तेही लिहायचं. श्वास ओढून म्हटलेला 'हो' कसा लिहायचा यावर तर तिची एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी तिनं नुसतं 'हो' लिहिलं आणि पुढे कंसात 'श्वासानं'.

पुढच्या शुक्रवारी पाद्र्यानं विचारलं, कुणाची हरकत आहे का, आणि खाली ओळ आली: 'हरकत नाही, पण आटपा, बाहेर माझी गाडी गोठतेय.' एवर्ट वेळेवर हसला. असा हसला की खालच्या मजल्यावर आमच्या घरात कप हलले. इंगेगेर्ड कॉफी ठेवायला म्हणून उठली आणि बराच वेळ नळ नुसताच सोडून उभी राहिली.

एवढ्यावर ती थांबली असती तर तिच्यावर कुणी काही लिहिलं नसतं. पण तिला वाटलं, एवर्ट काही देशात एकटाच नाही. अशा ओळी ठेवायची एक जागा इंटरनेटवर होती. कुणीही लिहाव्यात, कुणीही फुकट घ्याव्यात. तिनं आपल्या ओळी तिथे ठेवल्या. किरुनाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या एकानं लिहिलं, 'बायकोबरोबर पहिल्यांदा एकाच वेळी हसलो.' एका बाईनं विचारलं, तो पोलिसांचा सिनेमा कराल का? मग दुसरं, मग तिसरं. इंगेगेर्डची हिवाळ्याची संध्याकाळ भरून गेली.

तिथे लिहिणारे बाकीचे म्हणजे 'रात्रीचा लांडगा', 'लोखंडी सैतान', 'डॉक्टर बर्फ'. इंगेगेर्डनं मात्र प्रत्येक सिनेमाच्या शेवटी लिहिलं: 'ओळी: इंगेगेर्ड नूरलिंग, लिक्सेले.' आपल्या टीव्हीवर कार्यक्रम संपता संपता शेवटच्या ओळीत भाषांतर करणाऱ्याचं नाव येतंच. लहानपणापासून ते वाचत वाढलेल्या बाईला वाटणार काय? ओळी लिहिल्या की खाली नाव घालायचं, जेवण झालं की 'जेवणाबद्दल आभार' म्हणायचं.

लोखंडी सैतानानं तिला कळवळून लिहिलं, 'मावशी, नाव काढा! हे बेकायदेशीर आहे!'

तिनं उत्तर दिलं, 'चूक सापडली तर लोकांनी कुणाला सांगायचं? सैतानाला?'

घरातलं भांडण मात्र वेगळं होतं. एवर्ट जन्मभर कामगार संघटनेचा माणूस. एके दिवशी आमच्याकडच्या रीतीनं कॉफीत चीजचे तुकडे टाकता टाकता त्यानं विचारलं, "इंगे, या ओळी लिहायचं काम करणारी माणसं असतात ना? पोटासाठी?"

"असतात."

"आणि तू फुकट करतेस."

"दुसरं कुणी करत नाही म्हणून करते."

"संपाच्या वेळी करवत चालवणारे हेच म्हणायचे. दुसरं कुणी चालवत नाही म्हणून आम्ही चालवतो."

"एवर्ट, हे मी तुझ्यासाठी सुरू केलं!"

"माझ्यासाठी केलंस तेवढं केलंस. ते किरुनाचे, ते बाकीचे, ते सिनेमा कुठून आणतात?"

"ते मी विचारत नाही."

"फोनवर बसणारी बाई तू! कोण, कुठून, कशासाठी, हे विचारायचाच पगार घेतेस. आणि हे तेवढं विचारत नाहीस?"

इंगेगेर्डनं पाठ फिरवली. बहिऱ्या माणसाशी भांडण संपवायला एवढंच पुरतं, आणि ही लबाडी तिला चांगली जमायची. पण त्या दिवशी ती बेसिनकडे तोंड करून एकटीच किती तरी वेळ उत्तरं देत राहिली. दुकानात डिस्क मिळत नाही, मिळाली तर ओळी नाहीत, मग त्यांनी काय करायचं? उत्तरं सगळी बरोबर वाटत होती. तरी ती एकही वळून म्हणाली नाही.

पोलीस आला तो मार्चमध्ये. इंटरनेटवरची ती जागा चालवणाऱ्याची यंत्रं दक्षिणेत कुठेतरी जप्त झाली होती. रात्रीचा लांडगा कोण, डॉक्टर बर्फ कोण, याचा शोध लागेना. इंगेगेर्ड नूरलिंग, लिक्सेले, हिला शोधायला मात्र कुणाला काही विचारावंही लागलं नाही. आलेला पोलीस हॅम्पुस नावाचा, पार दक्षिणेकडच्या स्कोनेचा. तिकडचे लोक 'र' घशात घोळवतात, जणू प्रत्येक वाक्याच्या शेवटी चूळ भरायचीय. दारात त्यानं रीतीप्रमाणे बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"म्हणजे, ते, झडती आहे," तो त्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "तळघरात, म्हणजे, यंत्रं किती?"

"तळघरात मुरंबा आहे. खाणार का?"

"नाही, म्हणजे, हो, पण नंतर." त्यानं कागद काढला. "शेवटी जे नाव येतं, इंगेगेर्ड नूरलिंग. त्या ओळी तुम्हीच लिहिल्यात का?"

इंगेगेर्डनं तोंड उघडायच्या आत मागून करवतीसारखा आवाज आला.

"मी लिहिल्या!" एवर्टनं हॅम्पुसचे ओठ वाचले होते. "मीच! नाव तिचं घातलं, गंमत म्हणून! तिला काय येतंय त्यातलं!"

"तुम्ही? पण तुम्हाला तर, म्हणजे, ऐकू..."

"म्हणून तर लिहिल्या! गरज मला आहे ना? लिहा तिथे!"

हॅम्पुसनं लिहिलं. इंगेगेर्ड उभी राहिली, आणि तिनं काहीच म्हटलं नाही. पोलीस संगणक घेऊन बूट घालून गेला. मग ती एवर्टसमोर बसली, त्याला तोंड नीट दिसेल अशी.

"हे काय केलंस?"

"मला काय करणार आहेत? बहिरा, म्हातारा, पेन्शनीतला. तुझी नोकरी आहे."

"तुला तर हे पटत नव्हतं. संपफोडी म्हणालास मला."

"पटत नाहीच. म्हणून तुला खड्ड्यात जाऊ देऊ? जेव आता."

वकीलबाईंचा फोन आला. लोविसा ब्राट, शब्दांना श्वास घेऊ न देणाऱ्या. "हे बघा दोनच गोष्टी नाव कुणीही टाइप करू शकतं आणि घरात एक माणूस मी केलं म्हणतोय तुम्ही फक्त गप्प बसायचं गप्प बसणं गुन्हा नाही कळलं ना छान."

इकडे नगरपालिकेत साहेबांनी दार लावून सांगितलं की काही ठरलेलं नाही, पण शिक्षा झालेल्या माणसाचा आवाज गावाचा पहिला आवाज असावा का, यावर बोलावं लागेल. पेन्शनला तिची थोडीच वर्षं उरली होती. आणि फोनवर टवाळ मंडळी सुटलीच होती. "सिनेमा खातं जोडून देता का हो? नवीन काही आलंय का?" ती म्हणायची, "थांबा, जोडते," आणि सांडपाणी विभागाला जोडून द्यायची.

दिवसा ती हसायची. पण घरी आल्यावर एवर्ट तिच्यासाठी खुर्ची ओढायचा, पाठीवर थोपटायचा, आणि ती थोपटणी तिला सहन व्हायची नाही. आता नुसतं गप्प बसलं की नोकरी राहणार, आवाज राहणार. फक्त जे आपण केलं ते एवर्टनं केलं असं होणार, आणि तेही ज्याला ते चूक वाटतं त्या एवर्टनं.

कपडे धुवायची आमची खोली तळमजल्यावर आहे, पाळ्या लावलेल्या. एका बुधवारी तिथे इंगेगेर्डबरोबर चादरींची टोकं धरून उभी होती ती खालच्या मजल्यावरची, सगळ्यांचे आवाज काढणारी मुलगी. म्हणजे मी. गुन-मारी काढून झाली, हॅम्पुस अंगठ्यासकट काढून झाला, लोविसा ब्राट एका श्वासात काढून झाली. इंगेगेर्ड चादरीत तोंड घालून हसली. मग एकदम म्हणाली,

"गुन-मारीला विचारलंस?"

"काय?"

"तुझा आवाज काढू का, म्हणून."

"आवाज कुणी विचारून काढतं का? नाहीच म्हणेल ती!"

इंगेगेर्डच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. तिनं ते उचललं, झटकलं, पुन्हा धरलं. आम्ही घडी घातली.

"कोर्टात तुम्ही गप्पच बसणार ना?" मी विचारलं. "बसा. सगळे बसतात. पैज लावते."

"कशावर?"

"मी जिंकले तर एक सकाळ मला नगरपालिकेच्या फोनवर बसवायचं."

"आणि मी जिंकले तर यापुढे ज्याचा आवाज काढशील त्याला आधी विचारायचं. तो नाही म्हणाला तर सोडायचा. कायमचा."

मी हात पुढे केला. इतकी सोपी पैज मी कधी लावली नव्हती.

कोर्ट किनाऱ्यावरच्या शहरात. एवर्ट इस्त्रीच्या शर्टात आला होता, आणि पैजेपायी मीही मागच्या बाकावर बसले होते. त्याच्यासाठी बोललेलं टाइप करून दाखवणारी बाई बसवली होती. समोरच्या पडद्यावर सगळ्यांचं बोलणं ओळी होऊन येत होतं. सरकारी वकिलाचं कंटाळवाणं कलम, न्यायाधीशाचा खोकला, सगळं. एवर्ट खूश होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एवढ्या स्वीडिश माणसांचं बोलणं एकदम कळत होतं.

मग टेक्ला वेन्नरहोल्म आली. तो लग्नाचा सिनेमा तिनं लिहिलेला. लहानखुरी बाई, विणलेली टोपी, आवाज इतका हळू की टाइप करणारी बाई पुढे वाकली.

"ओळी मी वाचल्या," टेक्ला म्हणाली. "चांगल्या आहेत. माझ्या मूळ पानांपेक्षा आखूड आहेत आणि तरी काही सांडलेलं नाही. म्हणून तर मला जास्त लागलं. ज्यानं हे केलं त्याला कळत होतं की एक वाक्य करायला किती वेळ लागतो. त्या म्हाताऱ्याचं गाडी गोठण्याचं वाक्य माझ्या वडिलांचं आहे. माझ्या लग्नात म्हणाले होते. ते गेले, मग मी लिहिलं. आणि मला कळलं कसं, तर इंटरनेटवरून. मला कुणी विचारलं नाही."

वडिलांना तुम्ही विचारलं होतंत का, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. इंगेगेर्डच्या जागी मी असते तर टाळ्याच घेतल्या असत्या. तिलाही हे सुचलं नसेल असं नाही. सहा खात्यांना एका दमात उत्तरं देणारी बाई ती. पण ती टेक्लाकडे बघत राहिली.

न्यायाधीशांनी एवर्टचं नाव घेतलं. पडद्यावर ओळ आली: 'ओळी तुम्ही लिहिल्या, असं आपण पोलिसांना सांगितलंत. बरोबर?'

'हो' म्हणायला एवर्टनं ओठांचा चंबू केला.

"नाही," इंगेगेर्ड म्हणाली. लोविसा ब्राटनं तिची बाही ओढली. तिनं बाही सोडवून घेतली. नगरपालिकेतला आवाज होता तो, मऊ आणि सगळीकडे पोचणारा. "त्याला त्या पटतही नव्हत्या. ओळी मी लिहिल्या. नाव माझं आहे, कारण काम माझं आहे."

"इंगे!" एवर्ट ओरडला. त्याला ते पडद्यावरून थोडं उशिरा कळलं होतं. "गप्प बस!"

"सगळ्यांसाठी तिथे ठेवायची परवानगी लागते, हे तुम्हाला माहीत होतं?" सरकारी वकिलानं विचारलं.

इथे तिला अजूनही वाट होती. माहीत नव्हतं म्हणायचं. लोविसा ब्राट तर ओठांनी ते आकार करून दाखवत होती. एवर्टलासुद्धा वाचता आलं.

इंगेगेर्ड टेक्लाकडे वळली. "विचारावं असं मनात आलं होतं. तुमच्या कंपनीचा नंबर काढून ठेवला होता मी. फोन करणं म्हणजे माझ्या हातचा मळ. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. म्हणून नाही विचारलं."

टेक्लानं टोपी काढून हातात घेतली. "हो," ती म्हणाली. "बहुतेक नाहीच म्हणाले असते. पण मग मला विचार करावा लागला असता, का नाही म्हणतेय याचा. तेवढं तरी माझ्याकडे यायला हवं होतं."

पडद्यावर त्या दोघींच्या ओळी बराच वेळ तशाच राहिल्या.

शिक्षा तुरुंगाची नाही झाली. टांगती झाली, म्हणजे पुन्हा गुन्हा केला तरच भोगायची, आणि वर दंड. चुकून केलं असतं तर सौम्य धरलं असतं, पण बाईंनी स्वतःच सांगितलं की जाणूनबुजून केलं. वकीलबाई जाताना पहिल्यांदा एक वाक्य थांबून म्हणाली, "तुम्ही मला काही कामच ठेवलं नाहीत." घरी पोचल्यावर गाडीतून उतरताना एवर्ट म्हणाला, आणि त्याच्या मानानं ते हळूच होतं, "मी खोटं बोलत होतो, तेवढं एक तुझ्यासाठी करू द्यायचं होतंस."

नगरपालिकेनं तिला काढलं नाही. फोनवरून उठवलं आणि टपालाच्या खोलीत बसवलं. फोनवर आता ध्वनिमुद्रित बाई बोलते: बर्फासाठी एक दाबा, कुत्र्यासाठी दोन. इंगेगेर्डच्या ओळी पुसल्या गेल्या. किरुनाच्या त्या माणसाची मग काही खबर आली नाही. टेक्लानं एक पोस्टकार्ड पाठवलं: पुढच्या सिनेमात स्वीडिश ओळी हव्यात असं मी कंपनीला सांगितलंय, बघू या. बघू याच्या पुढे अजून काही गेलेलं नाही. घरापुरतं एवर्टसाठी लिहायला कायद्याची ना नाही, असं लोविसा ब्राटनं स्पष्ट सांगितलंय. तरी इंगेगेर्डनं पुन्हा लिहायला घेतलेलं नाही. शुक्रवारी दोघं डॅनिश बघतात. टपालाच्या खोलीत ती दिवसभर पाकिटं लावते आणि कुणाशी बोलत नाही. तिथे रेडिओ आहे, तो ती बंद ठेवते.

पैज मी हरले.

मी गुन-मारीला विचारलं. "काढ की," ती म्हणाली, "मी कुणाला नाही म्हणत नाही. फक्त हनुवटी तशी करू नकोस, ती माझी नाही." हॅम्पुसला फोन केला. तो बराच वेळ चूळ भरल्यासारखा हसला आणि म्हणाला, "म्हणजे, अंगठ्यासकट चालेल." लोविसा ब्राटनं 'लेखी पाठवा' म्हटलं. मी पाठवलं.

एवर्ट राहिला होता. मी वर गेले, त्याच्यासमोर बसले, तोंड नीट दिसेल अशी, आणि विचारलं. तो म्हणाला, "काढून दाखव." आवाज त्याला ऐकू येणार नव्हता, म्हणून तो माझा चेहरा बघत होता. जबडा कसा पुढे येतो, मानेच्या शिरा कशा ताणतात, ओठ कसे उघडतात, सगळं मला येत होतं. मी 'असू दे' म्हणून दाखवलं. इंगेगेर्डनं बेसिनकडे तोंड फिरवलं.

"मी असा दिसतो?" एवर्ट म्हणाला.

मी 'हो'चा श्वास आत ओढला.

त्यानं साखरेचा डबा माझ्यापासून थोडा लांब सरकवला. "नाही," तो म्हणाला. "माझा नको."

माझ्याकडचा सगळ्यात चांगला आवाज तोच होता.